कोयता फडात, म्हातारी दारात: सहा महिने गाव सांभाळणाऱ्यांचे पाय कोण सांभाळणार?

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातल्या रस्त्यांवर दरवर्षी तेच दृश्य दिसतं. ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चुली, भांडी, गोधड्या, एखाद-दुसरी शेळी आणि त्यावर बसलेली माणसं. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, गेवराई या भागांतून गाड्या निघतात आणि सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे, काही थेट कर्नाटकात जातात. या गाड्यांचे फोटो निघतात, बातम्या होतात. उचलीचा, मजुरीच्या दराचा, मुकादमाचा विषय निघतो. तो निघायलाच पाहिजे.

पण गाडी निघून गेल्यावर मागं कोण उरतं, याची बातमी सहसा होत नाही. वाड्या-वस्त्यांवर, तांड्यांवर एक चक्कर मारा. दारात आजी, ओट्यावर आजोबा, जवळ शाळेत जाणारी एक-दोन नातवंडं, दावणीला एखादी गाय. पार गुढीपाडव्यापर्यंत, कधी त्याच्याही पुढं, गाव हीच माणसं चालवतात. पाणी तीच भरतात, लेकरांना शाळेत तीच धाडतात, घराला कुलूप लागू देत नाहीत तीही हीच.

आणि यातली बरीचशी माणसं थकलेली आहेत. कुणाचे गुडघे गेलेत, कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाला चार पावलांत दम लागतो. त्यांचं हिंडणं-फिरणं आणि डोकं शाबूत राहावं, यासाठी गाव म्हणून आपण काय करतो? खरं सांगायचं तर जवळपास काहीच नाही. आणि याची किंमत एकट्या म्हाताऱ्या माणसाला मोजावी लागत नाही, ती अख्ख्या घराला मोजावी लागते.

एक पाय घसरला तर हिशोब कुठं जातो?

ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपल्याकडं सांगावं लागत नाही. हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि फडात ऊस तोडून ती फेडायची. काम थांबलं की खाडा. खाडा पडला की फेड लांबली. फेड लांबली की पुढच्या हंगामाला तीच बाकी पुन्हा डोक्यावर.

आता समजा, डिसेंबरच्या थंडीत पहाटे आजी लघवीला उठली. अंगणात अंधार, पायाखाली ओलं. पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. फोन फडात जातो. दोघांपैकी एकाला तरी गावाकडं यावंच लागतं. जोडी मोडली की कोयता मोडला. दवाखाना, ये-जा, औषधं, वर महिना-दोन महिने जवळ बसायला माणूस. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं तरी बुडालेली मजुरी कुठल्या योजनेत बसत नाही. घरात करणारं दुसरं कुणी नसेल तर मोठ्या नातीची शाळा सुटते.

म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या पायातलं बळ हा ‘आता वयच झालंय’ म्हणून सोडून द्यायचा विषय नाही. ज्या घराची मिळकत स्थलांतरावर आहे, त्या घराचा तो आधाराचा खांब आहे. तो पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो उभा कसा राहील हे आधी बघणं स्वस्त आहे.

‘बस आता, तुझं काय काम?’

आपल्या गावांत थकलेली माणसं दोन तऱ्हेची दिसतात. पहिली तऱ्हा म्हणजे बसवून ठेवलेली. एकदा पडले, एकदा आजारी झाले की घरचे म्हणतात, ‘बस आता, उठू नको, पडशील.’ ताट हातात, पाणी हातात. यात माया असते, वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण तीन-चार महिन्यांत तेच माणूस बाजेवरून न्हाणीपर्यंत जायला भिंत धरायला लागतं.

दुसरी तऱ्हा उलटी आहे. घरात करणारं कुणीच नाही म्हणून सत्तरीतली बाई डोक्यावर पाणी आणते, सरपण आणते, दोन लेकरांचं करते, आणि एक दिवस कोलमडते. हिला कुणी ‘बस’ म्हणत नाही, कारण बसली तर घर चालत नाही.

दोन्हीकडं मुळात एकच चूक आहे. म्हातारपणी अंगाला बेताची, रोजची हालचाल लागते. एकाला ती मिळतच नाही, दुसरीला झेपेल त्याच्या पलीकडची मिळते.

दहा दिवसांत एक किलो

बसून राहिल्यानं काय होतं, याचा एक अभ्यास २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. धडधाकट अशा म्हाताऱ्या माणसांना फक्त दहा दिवस बिछान्यावर झोपवून ठेवलं. आजार काही नाही, नुसती विश्रांती. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं सरासरी जवळपास एक किलो मांस कमी झालं. ही धडधाकट माणसं होती. आपल्याकडं तापानं किंवा पडल्यानं आधीच अर्धं झालेलं माणूस महिनाभर बाजेवर असतं. त्याचं काय होत असेल, याचा अंदाज करा.

आता याची दुसरी बाजू. १९९० साली अमेरिकेतल्याच बोस्टन शहरात वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वयाच्या दहा थकलेल्या माणसांवर एक प्रयोग झाला. आठ आठवडे, देखरेखीखाली, त्यांच्याकडून पायांनी वजन उचलायचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली आणि चालण्यातही फरक पडला. नव्वदीच्या माणसाच्या पायात नवं बळ येऊ शकतं, हे त्यातून जगाला कळलं. पुढं मोठ्या अभ्यासांतही हेच दिसलं.

याचा अर्थ सरळ आहे. वयानं जाणारं बळ आणि बसून राहिल्यानं जाणारं बळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं परत आणता येत नाही, पण दुसरं बऱ्यापैकी आणता येतं. आपण मात्र दोन्ही एकाच खात्यावर टाकतो आणि वर ‘वय झालं’ असं लिहून मोकळे होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये जी सूचना केली, तीही हीच. ६५ च्या पुढच्या माणसांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल सांभाळायचा आणि ताकदीचा व्यायाम करावा, आणि ज्यांना सगळं जमत नाही त्यांनी जमेल तेवढं करावं. काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं कधीही चांगलं.

‘म्हातारी दिवसभर राबते, तिला व्यायाम कशाला?’

हा प्रश्न पारावर हमखास येणार, आणि तो रास्त आहे. ज्या बाईनं जन्मभर खुरपलं, ऊस तोडला, मोळ्या वाहिल्या, तिला व्यायाम शिकवायचा म्हणजे जरा हसूच येतं.

पण नीट बघा. कामात अंग एकाच तऱ्हेनं वापरलं जातं. खुरपताना बसलेलं, भांडी घासताना वाकलेलं, ओझं घेताना मान आखडलेली. कंबर आणि गुडघे झिजतात, पण तोल सांभाळायची आणि हात न टेकता उठायची सवय राहीलच असं नाही. माणूस पडतं ते ओझं उचलताना कमी, वळताना, उंबरा ओलांडताना, अंधारात उठताना जास्त. त्यामुळं व्यायाम म्हणजे आणखी कष्ट नव्हेत. जो भाग कामात वापरला जात नाही तो रोज पाच-दहा मिनिटं वापरायचा, एवढंच.

आणि जी बाई खरोखर जास्त राबते तिच्यासाठी पहिली मदत व्यायामाची नाही, ओझं हलकं करायची आहे. हंड्याऐवजी छोटी कळशी, दोनच्या ठिकाणी चार खेपा, सरपणाला शेजारच्या पोराची मदत. एवढं झालं तरी तिचे गुडघे आणखी काही वर्षं चालतील.

डोकं गंजतं ते एकटेपणानं

पायांइतकाच मनाचा प्रश्न आहे. मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकारानं देशभर म्हाताऱ्या माणसांची मोठी पाहणी झाली. तिच्याच आधारावर स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे विसरण्याच्या आजाराचा अभ्यास झाला. त्यात देशातल्या ६० वर्षांवरच्या माणसांत हे प्रमाण सुमारे ७.४ टक्के निघालं. लोकांना वाटतं हा शहरातला आजार आहे. आकडे उलटं सांगतात. शहरात ५.३ टक्के, खेड्यात ८.४ टक्के. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. म्हणजे शंभर म्हाताऱ्यांच्या गावात अशी आठ माणसं असतील, आणि आपण त्यांना ‘चळ लागला’ म्हणून सोडून दिलेलं असेल.

सगळाच स्मृतिभ्रंश टाळता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं २०२४ मध्ये अशी चौदा कारणं मांडली, जी कमी केली तर धोका कमी होऊ शकतो. त्यात रक्तदाब आणि साखर आहे, तंबाखू आणि दारू आहे. पण त्यातच ऐकू न येणं आहे, नजर कमी होऊन त्यावर उपचार न होणं आहे, हालचाल नसणं आहे आणि एकटं पडणं आहे. ही शेवटची चार आपल्या गावात घराघरांत आहेत.

ऐकू येत नाही, म्हणून माणूस बोलण्यात भाग घेत नाही. भाग घेत नाही म्हणून लोक त्याच्याशी बोलायचं सोडतात. मोतीबिंदू पिकलाय, म्हणून संध्याकाळी देवळात जात नाही. सून-मुलगा फडात, शेजारच्या तीन घरांना कुलूप. बोलायला उरतं कोण? दोन नातवंडं, आणि ती मोबाइलमध्ये. मग आजी दिवस-दिवस कुणाशी चार वाक्यं बोलत नाही. जेवणही तसंच. ‘एकटीसाठी काय चूल पेटवायची’ म्हणून चहात पाव किंवा बिस्कीट बुडवून दोन वेळा काढल्या जातात. अंगात काही नाही म्हणून उठवत नाही, उठवत नाही म्हणून भूक नाही. हे चक्र एकदा फिरायला लागलं की माणूस फार लवकर उतरतं.

सहा प्रश्न, दहा मिनिटं

कोण खालावत चाललंय हे ओळखायला मोठा दवाखाना लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं गावपातळीवर वापरता येईल अशी साधी तपासणी दिली आहे. तिच्यातले सहा मुद्दे घरच्यांना, शेजाऱ्यांना, आशाताईंना, कुणालाही बघता येतात.

१. लक्षात राहणं: तीन साधे शब्द सांगा, जसं बैल, घागर, चिंच. थोड्या वेळानं परत विचारा. आजचा वार विचारा, आपण कुठं बसलोय ते विचारा.

२. उठणं: भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवर बसवा. दोन्ही हात छातीवर. हात न टेकता पाच वेळा उभं राहून बसायला सांगा. १४ सेकंदांत झालं तर ठीक. झालं नाही तर पायातलं बळ कमी झालंय असं समजा. हे करताना एक माणूस जवळ उभं पाहिजे.

३. खाणं: गेल्या तीन महिन्यांत ठरवून कमी न करता तीन किलोपेक्षा जास्त वजन उतरलं का? भूक गेली का? वजनकाटा नसेल तर चोळी, सदरा, बांगड्या ढिल्या झाल्या का ते बघा.

४. नजर: लांबचं, जवळचं दिसतं का? तांदूळ निवडता येतात का?

५. ऐकणं: पाठीमागून हळू आवाजात बोला. कळतं का?

६. मन: गेल्या दोन आठवड्यांत उदास, हताश वाटतं का? पूर्वी आवडायचं त्यात रस उरला नाही का?

यातल्या एका-दोन ठिकाणी अडलं म्हणजे घाबरायचं कारण नाही. पण उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायची वेळ झाली, एवढं नक्की.

घरी काय करता येईल?

छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, नुकतंच हाड मोडलं असेल किंवा ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. बाकीच्यांनी हळूहळू, एक दिवसाआड, जेवणानंतर लगेच नाही, अशा बेतानं करावं.

*उठ-बस:* भक्कम खुर्ची भिंतीला लावून. सुरुवातीला हात टेकून पाच वेळा. आठवड्यानं आठ, मग दहा. पुढं हात न टेकता. बाजेवरून हे करू नका, बाज खचते आणि तोल जातो. प्लास्टिकची हलकी खुर्चीही घसरते.

*टाचा वर:* ओट्याचा खांब दोन्ही हातांनी धरून टाचा उचलायच्या, तीनपर्यंत मोजायचं, खाली टेकवायच्या. दहा वेळा.

*एका पायावर:* खांब धरूनच एक पाय जरासा उचलायचा, दहापर्यंत मोजायचं. मग दुसरा. जमलं की एक हात सोडायचा.

*पावलाला पाऊल:* भिंतीच्या कडेनं, एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत दहा पावलं चालायचं.

*बाजेवरच्यांसाठी:* जे उठूच शकत नाहीत त्यांनी पडल्या-पडल्या घोटे वर-खाली हलवायचे, गुडघा वाकवून सरळ करायचा, आधार देऊन दिवसातून दोन-तीनदा काठावर बसवायचं. बसणं हासुद्धा त्यांच्यासाठी व्यायामच आहे.

सोबत खाण्याकडं बघा. दात नाहीत म्हणून भाकरी जात नसेल तर कालवणात कुस्करून द्या, पण नुसता रस्सा-भाकरीवर माणूस तगत नाही. घट्ट वरण, मटकी, शेंगदाण्याचा कूट, दूध, ताक, खात असतील त्यांना अंडं. यातलं काहीतरी दोन्ही वेळच्या जेवणात पाहिजे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

आणि घरातल्या दोन-तीन गोष्टी आजच बदला. न्हाणीच्या वाटेवर रात्री दिवा. बाजेजवळ काठी. तुटलेल्या अंगठ्याची स्लीपर फेका, मागं पट्टा असलेली चप्पल आणा. जमिनीवर पसरलेली पोती आणि वायरी उचला. झोपेची गोळी किंवा रक्तदाबाची गोळी घेतल्यावर चक्कर येत असेल तर आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

गावानं काय करायचं?

घरचा व्यायाम एकट्यानं आठ दिवस चालतो, नवव्या दिवशी बंद पडतो. चार जण एकत्र असले की तो टिकतो. यासाठी गावात नवं काही उभारायची गरज नाही.

आपल्याकडं बहुतेक गावांत संध्याकाळी हरिपाठ होतो. हरिपाठाच्या आधी पंधरा मिनिटं धरा. खांब आहे, ओटा आहे, माणसं आहेत. भजनात जी पावली खेळतात, ती नीट बघितली तर तोल सांभाळायचा उत्तम व्यायाम आहे. एक पाऊल पुढं, एक मागं, हातात टाळ, तोंडानं पाठ केलेलं म्हणणं. पाय आणि डोकं दोन्ही एकदम कामाला लागतं. ज्यांना उभं राहणं जमत नाही त्यांनी खुर्चीत बसून पाय टेकवावेत.

पण इथं एक गोष्ट उघड बोलायला हवी. मंदिराचा ओटा गावातल्या सगळ्यांना सारखाच आपला वाटतो असं नाही. बायका तिथं मागं बसतात, वस्त्यांवरची आणि तांड्यावरची माणसं येतच नाहीत. म्हणून दुसरी जागा हवी: जिल्हा परिषदेची शाळा, अंगणवाडी, समाजमंदिर. बायकांसाठी दुपारी दोन ते तीन ही वेळ बरी. वाती वळणं, गोधडीला टाके घालणं, जात्यावरच्या ओव्या आठवून म्हणणं, लेकरांना गोष्टी सांगणं. हे करताना मध्ये दहा मिनिटं उठ-बस. बचत गटाच्या एखाद्या ताईनं आठवड्यातून दोनदा पुढाकार घेतला तरी जमतं.

आणि त्यांना काम द्या, जबाबदारी द्या. शाळेत आठवड्यातून एक तास गावच्या जुन्या विहिरी, बी-बियाणं, दुष्काळाच्या आठवणी सांगायला बोलवा. १९७२ चा दुष्काळ डोळ्यांनी बघितलेली माणसं अजून आपल्यात आहेत. लेकरांनी त्यांचं बोलणं मोबाइलवर टिपून ठेवावं. ‘माझी कुणाला तरी गरज आहे’ हे ज्याला वाटतं तो सकाळी उठून तोंड धुतो, स्वच्छ सदरा घालतो, बाहेर पडतो.

कागदावर बरंच आहे

सरकारनं काहीच केलं नाही, असं म्हणता येत नाही. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांसाठी बाह्यरुग्ण विभाग, उपकेंद्राच्या कर्मचाऱ्यांच्या घरभेटी, जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी वॉर्ड आणि फिजिओथेरपी, असं सगळं लिहिलेलं आहे. उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली, तिथं समुदाय आरोग्य अधिकारी आले. त्यांच्या कामाच्या यादीतही वृद्धांची काळजी आहे.

राज्यानं २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. ६५ वर्षं पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा साधनांसाठी ३,००० रुपये एकदा खात्यात देण्याची तरतूद तिच्यात आहे. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेत. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, म्हणजे तालुक्याला डोळे दाखवायला जायचं तर तिकिटाचं कारण उरत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, फोनला पैसे लागत नाहीत.

मग अडतं कुठं? अडतं ते शेवटच्या दोन किलोमीटरवर. ज्याला दिसत नाही तो अर्ज कसा भरणार? ज्याला चालवत नाही तो केंद्रावर कसा जाणार? ज्याच्या बोटांच्या रेषा कोयत्यानं आणि खुरप्यानं घासून गेल्या, त्याचा अंगठा मशीनवर कसा उमटणार? हे सगळं करणारा मुलगा फडात आहे. योजना घरात तरणं माणूस आहे असं धरून आखल्या जातात, आणि आपल्याकडं नेमकं तेच घरात नसतं.

दुसरी गोष्ट. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे, संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना आहे. ती कितपत चालते हा वेगळा विषय, पण निदान लेकरू मागं राहतं हे सरकारनं मान्य केलं. म्हातारं माणूसही मागं राहतं, हे अजून कुणी मान्य केलेलं नाही. कामगार गेल्यावर गावात ६० च्या पुढचे किती जण एकटे उरलेत, याची यादी किती ग्रामपंचायतींकडं आहे? आपल्या सरपंचांना एकदा विचारून बघा.

ग्रामसभेत मागायच्या चार गोष्टी

पैसा फार लागत नाही, ठराव मात्र लागतो. येत्या ग्रामसभेत या चार गोष्टी मांडता येतील.

एक, टोळ्या निघायच्या आधी दरवर्षी मागं राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी. नाव, वय, जवळचा शेजारी, फडातला फोन नंबर, चालता येतं का, दिसतं का, ऐकू येतं का. आशाताई आणि अंगणवाडीताईंना गाव घरन्‌घर माहीत असतं. पण हे काम त्यांच्यावर फुकट लादू नये, त्याचा मोबदला ठरवावा.

दोन, महिन्यातून एक ठरलेला वार, समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी गावातच वर सांगितलेली सहा मुद्द्यांची तपासणी करायची. जे उठू शकत नाहीत त्यांच्या घरी जायचं.

तीन, एकाच दिवशी एका ठिकाणी वयोश्री, आयुष्मान कार्ड, श्रावणबाळचे राहिलेले अर्ज भरून घ्यायचे. शाळा-कॉलेजची पोरं फॉर्म भरायला बसवायची. आणि मोतीबिंदूवाल्यांना एकाच गाडीनं तालुक्याला न्यायचं.

चार, रोजची एक जागा आणि एक वेळ. चार-सहा भक्कम खुर्च्या, भिंतीला धरायला लोखंडी नळी, पिण्याचं पाणी, आणि जायच्या वाटेवर एक दिवा. गावाच्या विकास आराखड्यात हे न बसण्यासारखं काही नाही. आपण कमानीला पैसे काढतो, नळीलाही निघतील.

फोनवरचा तिसरा प्रश्न

शेवटी फडातून फोन करणाऱ्यांसाठी. रात्री कोप्यावर आल्यावर तुम्ही फोन लावता. ‘माय, जेवलीस का?’ आणि ‘गोळ्या घेतल्या का?’ हे दोन प्रश्न ठरलेले. तिकडून ‘हो’ येतं. खरं असो-नसो, तुम्हाला काळजी नको म्हणून ती हो म्हणते.

त्याला तिसरा प्रश्न जोडा. ‘आज खुर्चीवरून किती वेळा उठलीस? माझ्यासमोर उठून दाखव.’ नातवाला फोन धरायला लावा. पाच वेळा उठली तर कळेल की बरं चाललंय. काल पाच आणि आज दोन असेल तर तेही कळेल, आणि दवाखान्यातून फोन यायच्या आधी कळेल. नातवालाही एक काम मिळेल, आजीला मोजायचं.

पाडव्याला गाड्या परत येतील. तेव्हा दारात आजी उभी असावी, बाजेवर पडलेली नसावी, एवढीच यातली मागणी आहे. त्यासाठी लागणारी खुर्ची बहुतेक घरांत आधीच आहे.